तीन टिंबांनी सुरू होणारा पेपर

गेली साडेचार वर्षं मी जवळजवळ एकाच प्रकारचं साहित्य वाचते आहे. त्याला 'साहित्य' म्हटलेलं आमच्या बिझनेस स्कूलमध्ये कुणाला आवडणार नाही, आणि तुम्हालाही कदाचित पटणार नाही. पण एखादी गोष्ट ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या भाषेत, ठरलेल्या वाचकांसाठी हजारोंनी लिहिली जात असेल, तिची सुरुवात आणि शेवट वाचायच्या आधीच माहीत असेल, तर तो एक साहित्यप्रकारच झाला की. फायनान्समधला शोधनिबंध, म्हणजे आमच्या बोलीत 'पेपर', हा तसा प्रकार आहे. मी त्याची वाचक आहे आणि होऊ घातलेली लेखकही. मराठीत त्याची समीक्षा माझ्या पाहण्यात आलेली नाही, म्हणून हा उद्योग.

आधी एक गैरसमज दूर करते. फायनान्समध्ये पीएचडी म्हणजे कुठला शेअर घ्यावा ते कळणं, असं माझ्या सगळ्या नातेवाइकांना वाटतं. लग्नात पंगतीला बसले की शेजारचे काका विचारतात, "मग काय घेऊन ठेवू?" मला माहीत नाही असं म्हटलं की त्यांना वाटतं, पोरगी सांगत नाही. माझ्या आधीच्या पिढीतल्या आयआयएमवाल्यांची पंचाईत याहून मोठी होती. तिथं पूर्वी डिग्री देताच येत नसे, मिळायचं ते 'फेलो' हे बिरूद. 2017 च्या कायद्यानंतर त्याची रीतसर पीएचडी झाली. पाच वर्षं घालवून 'फेलो' होऊन गावी परतलेल्या माणसाला काय काय समजावून सांगावं लागलं असेल, याची कल्पना करून बघा.

असो. पहिली दोन वर्षं कोर्सवर्क: मायक्रोइकॉनॉमिक्स, इकॉनोमेट्रिक्स, ॲसेट प्रायसिंग, कॉर्पोरेट फायनान्स. मग एक सर्वसमावेशक परीक्षा, जिच्या आदल्या महिन्यात हॉस्टेलमध्ये कुणी कुणाशी धड बोलत नाही. ती पार पडली की प्रपोजल, आणि त्यानंतर प्रबंध. प्रबंध म्हणजे तीन स्वतंत्र पेपर आणि त्यांना बांधणारी दहाबारा पानांची प्रस्तावना. तीन वेगवेगळ्या कथा लिहायच्या आणि कादंबरी म्हणून बांधून द्यायच्या, असा तो प्रकार आहे. प्रस्तावनेतला 'समान धागा' बहुतेक वेळा शेवटच्या दोन महिन्यांत सापडतो.

आता पेपर. रहस्यकथेच्या बरोबर उलट त्याची रचना. खून कुणी केला ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं आणि मग पन्नास पानं पुरावे देत बसायचं. पहिल्या पानाच्या तळाला एक लांबलचक टीप असते, तीत आभार. कुठकुठल्या सेमिनारमध्ये पेपर वाचला आणि कोणाकोणाशी चर्चा झाली, त्याची नामावळी. पोथीच्या सुरुवातीला वंदन असतं, तसं हे. आणि वाचणाऱ्याला जे समजायचं ते त्यातून समजतं.

मधला भाग तक्त्यांचा. आकड्यांच्या डोक्यावर छोटे छोटे तारे असतात, एक, दोन किंवा तीन. तारा म्हणजे हा आकडा निव्वळ योगायोगानं आला असण्याची शक्यता कमी आहे, अशी ग्वाही. मी पहिल्या वर्षी पेपर वाचायला शिकले तेव्हा एक सीनियर म्हणाला होता, मजकूर नंतर वाच, आधी तारे बघ. अजूनही मी तसंच वाचते, आणि याचा मला थोडा संकोच वाटतो.

भाषेचं म्हणाल तर सगळा प्रकार एका क्रियापदावर उभा आहे: 'आढळणं'. 'आम्हाला असं आढळतं की...' लेखक एकटा असला तरी बऱ्याचदा 'आम्ही'च. आणि आढळतं, म्हणजे जणू रस्त्यानं जाताना पायाशी पडलेलं दिसलं. आम्ही शोधत बसलो, अकरा ठिकाणी काही मिळालं नाही, बाराव्या ठिकाणी मिळालं आणि तेव्हा उठलो, असं वाक्य मी आजवर एकाही पेपरमध्ये वाचलेलं नाही. या साहित्यप्रकाराबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे. तिच्याकडे येते, पण आधी चांगली पुस्तकं दाखवते. नाहीतर तुम्हाला वाटेल की मी चुकून या वाटेला लागले.

या प्रकाराचा आद्यग्रंथ म्हणावा असा प्रबंध 1900 साली पॅरिसमध्ये सादर झाला. लेखक लुई बाशलिए, विषय सट्टा. शीर्षकच 'सट्ट्याचा सिद्धांत'. आई-वडील लवकर गेल्यामुळे त्याला तरुणपणी घरचा धंदा बघावा लागला होता, शिक्षण उशिरा झालं. पॅरिसच्या शेअर बाजारातले भाव कसे हलतात, हे त्यानं शक्यतांच्या गणितात मांडलं. हवेत तरंगणाऱ्या कणासारखी भावाची हालचाल, कुठल्या क्षणी वर की खाली ते सांगता येणार नाही, पण किती पसरेल त्याचा अंदाज बांधता येईल. कणांच्या हालचालीवरचा आइन्स्टाइनचा पेपर त्यानंतर पाच वर्षांनी आला. परीक्षक होते आंरी प्वांकारे. त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं, पण विषय आपल्याकडच्या उमेदवारांच्या नेहमीच्या विषयांपासून जरा लांबचा आहे, अशी नोंदही केली. सर्वोच्च शेरा काही मिळाला नाही. कायमची प्राध्यापकी मिळायला 1927 साल उजाडलं. 1946 मध्ये तो वारला, आणि अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांना त्याचा शोध लागला 1950 च्या दशकात.

मला या प्रबंधात आवडतो तो त्याचा सूर. सट्ट्याबद्दल लिहिताना बाशलिए नाकही मुरडत नाही आणि भारावूनही जात नाही. विकत घेणाऱ्याला वाटतं भाव चढेल, विकणाऱ्याला वाटतं पडेल, दोघं एकाच क्षणी एकाच भावाला राजी होतात, आणि त्या अर्थी बाजाराला स्वतःचं काही मत नसतं. एवढ्या साध्या निरीक्षणावर तो पुढची सगळी इमारत उभी करतो.

दुसरं पुस्तक हॅरी मार्कोविट्झचं. शिकागोमध्ये आपल्या मार्गदर्शकाच्या केबिनबाहेर वाट बघत बसलेला असताना एका शेअर दलालाशी गप्पा झाल्या आणि त्यानं शेअर बाजारावर प्रबंध लिहायचं सुचवलं, अशी त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे शहाणपण जुनंच होतं. मार्कोविट्झनं त्याला गणित दिलं: शेअर एकेकटा किती धोक्याचा यापेक्षा तो बाकीच्यांबरोबर किती हलतो हे महत्त्वाचं. 1952 साली आलेला त्यांचा पेपर अवघा पंधरा पानांचा आहे. आज तेवढ्या पानांत आमचा नुसता 'आधीच्या संशोधनाचा आढावा'सुद्धा मावत नाही. तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन म्हणाले की हे अर्थशास्त्र नव्हे, त्यामुळे अर्थशास्त्राची पीएचडी कशी देणार? डिग्री मिळाली. 1990 मध्ये नोबेलच्या भाषणात मार्कोविट्झनी मिश्कीलपणे मान्य करून टाकलं की तेव्हा ते खरंच अर्थशास्त्र नव्हतं, आता आहे.

तिसरा यूजीन फामा. कॉलेजात हा माणूस फ्रेंच साहित्याकडे होता, हे मी आमच्या वर्गात सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता. शिकागोच्या बिझनेस स्कूलला अर्ज केला, उत्तर आलं नाही, म्हणून फोन केला. डीननी स्वतः उचलला आणि अर्ज आमच्याकडे दिसतच नाही म्हणाले. पण बोलता बोलता दाखला पक्का झाला. हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे प्रबंधासाठी पाच विषय घेऊन ते मर्टन मिलरकडे गेले. मिलरनी चार हळूच बाजूला सारले आणि पाचवा ठेवला: डाऊ जोन्समधल्या 30 शेअरांच्या रोजच्या भावांचा अभ्यास. 1965 साली तो प्रबंध एका जर्नलमध्ये सत्तरेक पानांत छापून आला. कालच्या भावावरून उद्याच्या भावाचा अंदाज बांधून फारसं हाती लागत नाही, हा त्याचा गाभा.

पाचातले चार विषय हळूच बाजूला सारणारा मार्गदर्शक मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते पीएचडी करणाऱ्यालाच कळेल. फामांनी पुढे तेच केलं. त्यांचा विद्यार्थी क्लिफ ॲसनेस याला प्रबंधासाठी सापडलं ते गुरूच्या सिद्धांताच्या विरोधात जाणारं होतं: गेल्या वर्षी चढलेले शेअर पुढचे काही महिनेही बरे चालतात. तो घाबरत घाबरत सांगायला गेला. फामा म्हणाले, डेटात असेल तर लिही.

या तिघांचं लेखन वाचताना एक जाणवतं. प्रत्येकाकडे एकच प्रश्न होता, आणि तो खरंच पडलेला होता. आता माझ्या तक्रारीकडे येते.

1990 च्या दशकात फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी दाखवलं की शेअरांचा परतावा समजून घ्यायला बाजाराच्या एकूण चढउताराशिवाय आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात: कंपनी केवढी आहे, आणि तिचा भाव पुस्तकी किमतीच्या मानानं किती आहे. लोकांनी यातून पद्धत उचलली, आणि साचाही. मग रांग लागली. अमुक गोष्ट आणि शेअरांचा परतावा, तमुक गोष्ट आणि शेअरांचा परतावा. यातल्या कित्येक पेपरांच्या शीर्षकाची शेपटी शब्दशः सारखी: 'अँड द क्रॉस-सेक्शन ऑफ एक्स्पेक्टेड रिटर्न्स'. पुढची जागा रिकामी, तुमचा शब्द भरा. दिवाळी अंकातल्या कथांची शीर्षकं एका साच्यातून निघू लागली की आपण हसतो. इथं कुणी हसलं नाही, कारण प्रत्येक शीर्षकामागे कुणाची तरी नोकरी होती. जॉन कोक्रेननी 2011 मध्ये याला प्राणिसंग्रहालय म्हटलं, आणि ते नाव चिकटलं.

मग 2016 मध्ये कॅम्पबेल हार्वी, यान लिऊ आणि हेचिंग झू यांचा पेपर आला. त्याचं शीर्षक तीन टिंबांनी सुरू होतं. '... अँड द क्रॉस-सेक्शन ऑफ एक्स्पेक्टेड रिटर्न्स'. रिकामी जागा रिकामीच. या क्षेत्रात मी वाचलेला हा सर्वांत चांगला विनोद आहे, आणि तो शीर्षकातच संपतो. पुढचा पेपर गंभीर आहे. त्यांनी मोजदाद केली: परतावा समजावून सांगणाऱ्या 316 वेगवेगळ्या गोष्टी तोवर लोकांना 'आढळल्या' होत्या.

यात बिघडलं काय, ते समजायला गणित लागत नाही. वर्गात 64 मुलं आहेत. प्रत्येकानं नाणं सहा वेळा उडवायचं. सरासरीनं एकाला सहाही वेळा छापा मिळेल. त्या मुलाला पुढे बोलावून 'छापा कसा पाडावा' यावर भाषण द्यायला सांगितलं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल, पण तो सांगेल. आमच्याकडे तारा मिळवायला टी-स्टॅट नावाचा आकडा 1.96 च्या वर जावा लागतो. म्हणजे मुळात काही नसतानाही वीस प्रयत्नांत साधारण एक तारा फुकट. सगळेजण एकच डेटा घेऊन शेकडो गोष्टी तपासत असतील, तर फुकटचे तारे किती असतील? हार्वी आणि मंडळींनी म्हटलं, नव्या दाव्यासाठी हा उंबरठा निदान 3 हवा. आणि फायनान्समधले बरेचसे दावे बहुधा खोटे आहेत. पुढे अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात हार्वींनी गंमत करून दाखवली. शेअर बाजारात प्रत्येक कंपनीला एक छोटं अक्षरी नाव असतं. निव्वळ त्यातल्या अक्षरांवरून शेअर निवडून त्यांनी बघितलं. हजारो जोड्या जुळवल्या की त्यातल्या काही झकास निघतातच.

त्याच वर्षी मॅकलीन आणि पाँटिफ यांचा पेपर आला. त्यांनी अशा 97 गोष्टी घेतल्या. मूळ अभ्यासाचा काळ संपल्यावर त्यांचा परतावा 26 टक्क्यांनी घटलेला, आणि पेपर छापून आल्यावर 58 टक्क्यांनी. काही भाग फुकटच्या ताऱ्यांचा, तर काही भाग वाचकांचा: पेपर वाचून लोक तसे शेअर घेऊ लागले आणि फायदा विरघळला. वाचल्यामुळे ज्यातला मजकूर खोटा ठरतो, असा दुसरा साहित्यप्रकार मला आठवत नाही.

आता लेखिकेबद्दल.

माझं दुसरं प्रकरण प्रमोटरांनी गहाण ठेवलेल्या शेअरांवर आहे. सत्यम प्रकरणानंतर 2009 पासून सेबीनं ही माहिती जाहीर करायला लावली. मालकानं आपलेच शेअर तारण ठेवून कर्ज काढलं असेल, तर त्या कंपनीच्या शेअरचं पुढे काय होतं? प्रश्न मला खरंच पडला होता. डेटा मुंबईच्या सीएमआयईचा, ज्यावर देशातले निम्मेअधिक फायनान्सचे प्रबंध उभे असावेत असा माझा अंदाज आहे. आठ महिने साफसफाई. मग एका रात्री तारा दिसला. एकच होता, पण होता. मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आईला फोन केला. तिला काय सांगणार? म्हटलं, काम झालं. ती म्हणाली, जेवलीस का?

सहा महिन्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी अगदी लहान, फारसे खरेदी-विक्री न होणारे शेअर बाजूला काढून तोच प्रोग्रॅम चालवला. तारा गेला. पुन्हा चालवला. पुन्हा नाही. म्हणजे माझा सगळा निष्कर्ष मूठभर कंपन्यांवर उभा होता, ज्यांचे शेअर काही दिवस कुणी घेतही नाही नि विकतही नाही.

इथं वाईट माणूस कुणी नाही. मी एका परिषदेत हे बोलले तेव्हा एक प्राध्यापक अगदी आपुलकीनं म्हणाले, "अगं, परिशिष्टात टाक. तिथं कोण जातंय?" आणि ते खरं आहे. परिशिष्ट ही या साहित्यप्रकाराची माळ्यावरची जागा. मोडकी खुर्ची टाकवत नाही आणि दिवाणखान्यात ठेवता येत नाही, ती तिथं जाते. त्या दिवसापासून मी जुने पेपर मागून पुढे वाचायला लागले. माझं मत असं झालंय की फायनान्समधलं सर्वांत प्रामाणिक गद्य परिशिष्टांत असतं. वाक्यं छोटी आणि क्रियापदं साधी. 'हा परिणाम या काळात दिसत नाही.' बस.

नोकरीसाठी एक पेपर लागतो, त्यावरच मुलाखती होतात. माझा तो पेपर हाच होता. माझ्याबरोबरच्या दोघांची लग्नं झाली, एकाला मूल झालं, एकजण सोडून बँकेत गेला आणि सुखात आहे. तारा नसलेला पेपर घेऊन मुलाखतीला कुणी जात नाही.

आणि माझा मूळ राग तर वेगळ्याच गोष्टीवर होता. मी या विषयाकडे आले ती आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेमुळे. बाबांची निवृत्तीची रक्कम तिथं ठेव म्हणून होती, कारण बँकेपेक्षा व्याज जास्त आणि मॅनेजर ओळखीचा. मी बारावीत असताना दारावर नोटीस लागली. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, आता पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं पीएचडी यावरच करेन. पहिल्याच वर्षी डेटा बघितला. तिथं होत्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. पतसंस्थांचे ऑडिट रिपोर्ट जिल्हा उपनिबंधकांकडे कागदी फायलींत. भिशीचा हिशेब तर कुणाच्या वहीत. एका उन्हाळ्यात मी तीन आठवडे त्या ऑफिसात बसून फोटो काढले. प्रपोजलच्या वेळी समितीनं विचारलं, यातून किती निरीक्षणं होतील? मी आकडा सांगितला. कुणी हसलं नाही, सगळे चांगली माणसं आहेत. पण विषय बदलला.

बाशलिएला वर्षानुवर्षं नोकरी मिळाली नाही हे आम्ही कौतुकानं सांगतो. आमचा साचा आज त्याला काय म्हणेल? नमुना लहान, डेटा एकाच बाजाराचा, लेखक धंद्यातून आलेला.

मार्चमध्ये मी प्रकरणाचा नवा मसुदा मॅडमना दिला. शीर्षकात 'परिणाम' होतं तिथं 'नोंद' केलं. लहान शेअर वगळल्यावर निष्कर्ष टिकत नाही, हे पहिल्या पानावर लिहिलं. तो तक्ता परिशिष्टातून काढून मुख्य मजकुरात आणला, तक्ता 4. त्यात एकही तारा नाही. प्रस्तावनेला एक जास्तीचा भाग जोडला, पतसंस्थांच्या फायलींत काय असतं आणि ते वाचायला काय लागतं, एवढाच. निष्कर्ष काही नाही.

दहा दिवसांनी छापील प्रत परत आली. मॅडम अजून कागदावर वाचतात. तक्ता 4 च्या पानावर पेन्सिलीनं एकच खूण होती: दशांशानंतर चार आकडे कशाला, दोन पुरे. पतसंस्थांच्या भागावर, समासात, बारीक अक्षरात: फोटो किती आहेत?

एक हजार नऊशे बारा. मी तसं कळवलं आहे.